एकशे सत्त्याऐंशी रिजेक्ट

आई-बाबा पहिल्यांदा क्रॉयडनला आले तेव्हा आईच्या बॅगेत चिवडा, मेतकूट, लोणचं आणि पितळेचे देव होते. बाबांच्या बॅगेत तीन स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक व्हर्नियर कॅलिपर. मी म्हटलं, "बाबा, हा कशाला आणलात?" तर म्हणाले, "सहा महिने राहायचंय. लागेल की."

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. नवरा प्रोजेक्टवर ग्लासगोला असायचा, शुक्रवारी यायचा आणि रविवारी जायचा. ट्रामच्या स्टॉपपासून पाच मिनिटांवर आमचं भाड्याचं घर होतं. दोन्ही बाजूंना त्याच्यासारखीच घरं चिकटलेली, मागे पट्टीसारखी लांबट बाग, आणि शेजारच्या बागेच्या मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण.

बाबा पुण्याजवळच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात चार्जमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये. म्हणजे चौतीस वर्षं त्यांनी वस्तू हातात घेऊन, उजेडाकडे धरून, "नाही" म्हटलेलं. ती सवय घरीही सुटली नव्हती. क्रॉयडनला पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या घराची सगळी दारं मापली. एकही काटकोनात नव्हतं. मग ब्रेडचं पाकीट घेतलं. "एकाच पाकिटातले दोन स्लाइस, आणि जाडीत दीड मिलिमीटरचा फरक! आणि हे लोक आपल्यावर राज्य करून गेले." दुसऱ्या आठवड्यात मापण्यासारखं काही उरलं नाही आणि ते खिडकीशी बसून राहायला लागले. ते बघून मला धडकी भरली. साडेपाच महिने जायचे होते.

आमचा शेजारी सत्तरी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला विधुर होता. आयुष्यभर पियानो ट्यून करायचं काम केलेलं. तीन वर्षांत माझं त्याच्याशी दोनच विषयांवर बोलणं झालं होतं, हवा आणि कचऱ्याचे डबे. त्यापलीकडे त्या माणसाला काही आवडत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. शेजारी बागेत टेबल मांडून बसला होता, आणि पुढ्यात एका ट्रेमध्ये बोटाच्या पेराहून थोडं मोठं असं काहीतरी, काळपट पितळेचं, भरपूर. बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदा बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि स्लिपर घालून तडक कुंपणाशी. मी मागे धावले. मला विमानतळावर बघून बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला नव्हता, तो आता आला होता.

"गुड मॉर्निंग सर," बाबा म्हणाले. "पुंगळ्या. बाटलीसारख्या मानेच्या. जर्मन पिस्तूल, फार जुनं. बरोबर?"

पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी टरफल, गोळी उडून गेल्यावर जे मागे राहतं ते. शेजाऱ्याचा हात ट्रेवर थांबला. "आपल्याला कसं कळलं?"

"चौतीस वर्षं," बाबा म्हणाले. जणू एवढ्यात सगळं आलं.

त्यानंतर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते माझ्या तीन वर्षांच्या एकूण बोलण्यापेक्षा जास्त होतं. त्याच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धातून एक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे रिकामी पुंगळी आपोआप बाहेर टाकून पुढची गोळी आत घेणारं, पिस्तूल आणलं होतं. लाकडी मूठ, पुढे लांब नळी. या देशात पिस्तुलांवर बंदी आली तेव्हा बहुतेकांची जमा झाली. पण फार जुनी, ऐतिहासिक म्हणावीत अशी काही, परवाना घेऊन नेमबाजीच्या एखाद्या ठरावीक रेंजवरच्या तिजोरीत ठेवता येत होती. ती तिथेच ठेवायची आणि तिथेच उडवायची. त्याचं पिस्तूल असं जवळच्या सरे परगण्यातल्या एका रेंजवर होतं. त्या मापाची काडतुसं दुकानात धड मिळत नाहीत आणि मिळाली तर त्या म्हाताऱ्या पिस्तुलाला ती झेपत नाहीत. म्हणून हा दर शनिवारी रेंजवरच्या खोलीत बसून जुन्याच पुंगळ्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू आणि वर गोळी बसवून आपली काडतुसं आपणच तयार करायचा. घरी आणायच्या त्या फक्त रिकाम्या पुंगळ्या, साफ करायला.

"आणि चालतं नीट?" बाबांनी विचारलं.

"अडकतं," तो म्हणाला. "तीन गोळ्यांनंतर. कधी दोन. पिस्तूल म्हातारं झालंय."

"पिस्तूल नाही," बाबा म्हणाले. "मी बघू?"

अशा रीतीने दोनशे रिकाम्या पुंगळ्या एका बिस्किटाच्या डब्यातून आमच्या डायनिंग टेबलावर आल्या. आईने त्या बघितल्या आणि तिचा जीव वरखाली झाला. पिस्तुलाचं तिला काही वाटलं नाही, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार झालेला. तिला सोसवेना ते काळं पडलेलं पितळ. "अहो, इतकं घाण पितळ घरात? देव आहेत समोर." बाबा चष्मा शोधेपर्यंत तिने चिंच भिजत घातलीसुद्धा. तो सबंध रविवार ती सिंकपाशी उभी राहून एकेक पुंगळी चोळत होती. देव आणि पुंगळ्या एकाच ताटात निथळत होते. मग बॉयलरच्या कपाटात, जिथे तिने पापड वाळायला ठेवले होते, तिथे खालच्या फळीवर पुंगळ्या वाळल्या. दोन दिवसांनी बाबांनी त्या काढल्या तेव्हा त्या अशा झळकत होत्या की हळदीकुंकवाला द्याव्यात.

मग इन्स्पेक्शन. मी ऑफिसला जाताना बाबा टेबलाशी बसलेले, आले तेव्हाही तिथेच. एक पुंगळी घ्यायची, व्हर्नियरमध्ये धरायची, मागची कड नखाने चाचपायची, मान उजेडाकडे करून आत बघायचं, आणि मग डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. डावीकडे डोंगर झाला होता. उजवीकडे आईच्या वाटीत थोड्याशा.

"तेरा पास," बाबा म्हणाले. "एकशे सत्त्याऐंशी रिजेक्ट."

"बाबा, त्यांना असं तोंडावर सांगू नका हं."

"मग कुठे सांगू?"

मी सोबत गेले, कारण मला इंग्रज माणसाची थोडी कल्पना होती आणि बाबांची पुरेपूर होती. कुंपणाशी बाबांनी डबा परत दिला आणि वहीतलं पान वाचून दाखवलं. लांबी जास्त, इतक्या. कड वाकलेली, इतक्या. मानेला केसासारखी चीर, इतक्या. शेजाऱ्याने मान हलवत सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "हाऊ व्हेरी इंटरेस्टिंग." आणि डबा घेऊन आत गेला.

बाबा खुशीत परत आले. "इंटरेस्टिंग म्हणाला. माणसाला कदर आहे."

आता बाबांना कसं सांगायचं की इथला माणूस 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला की त्याचा अर्थ साधारण 'चालते व्हा' असा होतो? मी नाही सांगितलं. पण ते आपोआपच कळलं. पुढचे दहा दिवस शेजारी बागेत फिरकला नाही. गवत वाढलं. बाबा दर सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभे राहायचे, त्याच्या बंद दाराकडे बघत. आई म्हणाली, "कशाला इतकं मोजायचं? चारपाच तरी जास्त पास करायच्या." त्यावर बाबा असे बघायला लागले की जणू तिने देव विकायला काढले होते.

"वाकडी पुंगळी पास केली," ते सावकाश म्हणाले, "तर ती बरोबर त्याच क्षणी अडकते जेव्हा समोर शत्रू असतो."

"या बिचाऱ्याच्या समोर कुठला शत्रू? कागद असतो," आई म्हणाली.

बाबा कप विसळायला निघून गेले. दुपारी जेवले नाहीत नीट. मला वाटलं, आता जाऊन मीच दार वाजवावं. पण काय म्हणणार होते? माझ्या वडिलांनी तुमच्या पुंगळ्या नापास केल्या, त्याबद्दल दिलगीर आहे?

अकराव्या दिवशी त्यानेच आमचं दार वाजवलं. हातात बागेतल्या रुबार्बची जुडी होती, इथे साखर घालून शिजवतात ते लालसर आंबट देठ. टाय नीट बांधलेला. मला म्हणाला, "आपले वडील आहेत का?" बाबा आले. तो खाकरला आणि म्हणाला, "त्या तेरा. मी शनिवारी त्या तेराच भरल्या. एकही अडकली नाही." मग जुडी बाबांच्या हातात देत, "मी एकवीस वर्षं पिस्तुलाला दोष देत होतो."

बाबांनी त्याला आत ओढलंच. आईने रुबार्ब उलटसुलट करून बघितलं, अळूचे देठ समजून त्याची चिंचगूळ घालून भाजी केली आणि त्याला तिथेच वाढली. तो घाम पुसत पुसत दोनदा म्हणाला, "क्वाइट रिमार्केबल." या वेळी मी बाबांना अर्थ सांगितला नाही तो वेगळ्या कारणासाठी. त्याने तिसऱ्यांदा मागून घेतली होती.

तेव्हापासून दर शनिवारी तो आपल्या गाडीतून बाबांना रेंजवर घेऊन जायला लागला. तिथला नियम असा की परवाना ज्याचा त्यानेच काम करायचं. पाहुण्याने कशालाही हात लावायचा नाही. बाबांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. ते त्याच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहायचे. शेजारी छोट्या तराजूवर दारू मोजायचा, प्रत्येक काडतुसाची वेगळी, पियानोच्या तारेला हात लावावा तशा हलक्या हाताने. "दारू मोजण्यात त्याचा हात धरणारा नाही," बाबा घरी येऊन सांगायचे. "दोष पुंगळ्यांचाच होता." काडतूस तयार झालं की तो मागे वळून न बघता ते उंच धरायचा. बाबा पसंत असेल तर "हं" म्हणायचे. नसेल तर काहीच म्हणायचे नाहीत, आणि तो ते बाजूला ठेवायचा.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी पुण्याहून मावशीचा फोन आला. आईचे हात पिठात, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊजी कुठेत?"

"गेलेत शेजारच्यांबरोबर. दारू भरायला."

"काय भरायला?"

"दारू गं. दर शनिवारी जातात. ते शेजारचे भरतात, हे मागे उभे राहतात. यांना हात लावायची परवानगी नाही ना."

"अगं पण... तुला चालतं?"

"मला काय होतंय? उलट मूड चांगला असतो. नाहीतर दिवसभर माझ्या पोळ्या मोजत बसतात."

मी हातवारे करत होते, पण आईचं लक्ष कणकेत होतं. मावशीने फोन ठेवला तो घाईघाईने. ही घाई कशाची हे मला कळायला हवं होतं. रविवारी सकाळी आमच्या घरी चार फोन आले. चौथा आत्याचा होता, बाबांच्या थोरल्या बहिणीचा. बाबांची बाजूच तेवढी मला ऐकू येत होती.

"नाही ताई... अगं नाही... कोण म्हणालं?... अगं ताई, ती दारू नाही, दारू!... पिण्याची नाही गं, उडवायची!... नाही, मजा उडवायची नाही!... शपथ कसली घालतेस?... मी एकसष्ट, नाही, चौसष्ट वर्षांचा माणूस आहे!"

फोन ठेवून बाबा सोफ्यावर बसले. आयुष्यभर दारूत काम केलेला आणि तिचा थेंबही न शिवलेला माणूस. आईला आता कुठे उलगडा झाला होता आणि ती पदराआड हसत होती. "तू हसतेस?" बाबा म्हणाले. "ताईने माझ्या नावाने देवापुढे दिवा लावलाय. मी सुधारावं म्हणून." दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला मी हे समजावून सांगितलं, एका शब्दाचे दोन अर्थ, वगैरे. तो इतका हसला की कुंपणाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आपल्या आत्याला कळवा, मी आपल्या वडिलांना नीट सांभाळतो आहे." मी ते कळवलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी रेंजवर जुन्या पिस्तुलांची स्पर्धा होती. त्या दिवशी मीही गेले. कानांवर मोठाले मफ लावून आम्ही मागच्या बाकावर बसलो. शेजाऱ्याचे क्लबमधले मित्र भले लोक होते, पण त्यांची एक पद्धत होती. त्याची पाळी आली की सगळे थर्मास उघडायचे, कारण पिस्तूल अडकणार, तो ते सोडवणार, आणि तेवढ्यात एक चहा आरामात होणार. आजही त्यांनी थर्मास उघडले.

शेजारी उभा राहिला. दहा काडतुसं भरली. बाबांनी माझं मनगट धरलं. पहिली सुटली. दुसरी, तिसरी. चौथ्या गोळीला एकाने कप खाली ठेवला. सातव्याला सगळे उठून उभे होते. दहावी सुटली, आणि पितळेची शेवटची पुंगळी टिणटिणत जमिनीवर पडली. एकदाही न अडकता दहाच्या दहा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने बाबांशी हस्तांदोलन केलं.

मग कागद आणले. शेजाऱ्याच्या कागदावर भोकं दोन, तीही कोपऱ्यात. त्याच्या डावीकडे उभ्या असलेल्या गृहस्थाने दहा गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याच्या कागदावर तेरा भोकं होती. उरलेल्या पाच गोळ्या कुठे गेल्या हे शेवटपर्यंत कळलं नाही.

इतकी वर्षं पिस्तूल अडकत होतं, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की त्याचा नेम इतका वाईट आहे. त्याच्याही नाही. तो कागद हातात धरून बघत राहिला, डोकं डावीकडे कलतं करून. कोणी हसेना. शेवटी तोच म्हणाला, "निदान पिस्तूल तरुण आहे."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, काडतुसं पास, माणूस रिजेक्ट. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला होता. मला मराठीत म्हणाले, "चौतीस वर्षांत मी लाखो पास केली गं. चाचणीचा सेक्शन वेगळा, दोन भिंतींपलीकडे. नुसता आवाज यायचा. पास केलेलं हातातून गेलं की कुठे जातं, ते कधी बघितलंच नव्हतं." मग चष्मा लावला आणि उठून शेजाऱ्याजवळ गेले.

"सर, त्या भिंतीवरची पाटी वाचा."

"कुठली पाटी?"

"बरं. आता डावा डोळा झाका. माझा चेहरा दिसतो?"

शेजाऱ्याने डोळा झाकला. "आपण आहात एवढं दिसतं. धुक्यात असल्यासारखे."

"किती वर्षं?"

"मला वाटलं, क्रॉयडनची हवाच तशी आहे," तो म्हणाला. आयुष्यभर कानाने काम केलेला माणूस. तारांना डोळे लागत नाहीत.

"कॅटरॅक्ट," बाबा म्हणाले. "मोतीबिंदू. मी दोन्ही काढून घेतले पुण्यात. तराजूचे आकडे वाचतानाही तुम्ही डोकं असंच कलतं करता, मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. मला वाटलं, पियानोवाले असेच बसत असतील."

परत येताना गाडी बाबांच्या आग्रहावरून मी चालवली. शेजारी माझ्या बाजूला, मांडीवर तो कागद धरून, बसला होता. बाबा मागच्या सीटवरून ऑपरेशनची माहिती देत होते, भूल कशी, पट्टी किती दिवस, केस कधी धुवायचे. गिल्डफर्डच्या पुढे तो म्हणाला, "मी पुष्कळ दिवस डॉक्टरकडे जायचं म्हणत होतो." बाबा म्हणाले, "सोमवारी." सोमवारी सकाळी बाबा स्लिपर घालून त्याच्या दाराशी उभे होते, आणि दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी नंबर येईपर्यंत वाट बघितली.

ऑक्टोबरात आई-बाबा परत गेले. शेजाऱ्याचा एक डोळा थंडीत झाला, दुसरा वसंतात. पहिली पट्टी निघाली त्या दिवशी तो कुंपणाशी येऊन मला म्हणाला, "माझे पडदे हिरवे आहेत. सहा वर्षं मी त्यांना करडे समजत होतो. आणि माझं स्वयंपाकघर बघण्यासारखं नाही. आपण मला कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "आपण मला कधी आत बोलावलं नाहीत." त्या रविवारी त्याने बोलावलं.

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी तो हातात घडी केलेला कागद घेऊन आला आणि म्हणाला, "आपल्या वडिलांना फोन लागेल का?" मी लावून स्पीकरवर टाकून दिला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसून त्याने बातमी दिली. दहा गोळ्या, एकही अडकली नाही, आठ कागदावर, त्यातल्या तीन मधल्या काळ्या वर्तुळात. क्लबवाल्यांनी थर्मास उघडले नव्हते.

पलीकडे बाबांनी नाक शिंकरलं. मला वाटलं, भरून आलं असेल. मग त्यांचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"आणि बाकीच्या दोन?"